चार्ल्स सिमिक : काही महिन्यांच्या वाचनानंतरचा अनुभव

कवितेच्या पुस्तकावर ते वाचून झाल्या झाल्या लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या वाचनात डोक्यावर घेतलेली कविता महिन्याभराने फिकी पडू शकते, आणि जिच्यावरून आपण पान उलटून पुढे गेलो तीच नंतर पाठ सोडत नाही. म्हणून सर्बियन वंशाचा अमेरिकन कवी चार्ल्स सिमिक याचं जाडजूड 'न्यू अँड सिलेक्टेड पोएम्स : १९६२-२०१२' हाती आल्यावर मी घाई केली नाही. आधी ते, मग आठवणींचं 'अ फ्लाय इन द सूप', मग गद्यकविता, मग अखेरच्या वर्षांतले छोटे संग्रह, असं वाचत गेले. बऱ्याच कविता चार-पाचदा तरी वाचून झाल्या असतील. आता लिहायला हरकत नाही.

सिमिकबद्दल कुठेही वाचा, 'अतिवास्तववादाचा (सर्रिअलिझम, म्हणजे स्वप्नासारख्या विसंगत प्रतिमांतून लिहिण्याच्या चळवळीचा) प्रभाव असलेला कवी' ही ओळ असतेच. ती खोटी नाही. पण तेवढ्यावर त्याला हाती घेतलं तर पुस्तक आठवड्यात संपतं. विचित्र प्रतिमा, थोडं हसू, थोडी भीती, झालं. त्याच कविता डोळ्यांनी पाहिलेलं सांगणाऱ्या माणसाच्या म्हणून वाचल्या की त्या संपत नाहीत. इतक्या महिन्यांत माझ्या हाती काही लागलं असेल तर ते हेच, आणि ते लागलं त्याच्या आयुष्याकडे नीट पाहिल्यावर.

त्याचा जन्म ९ मे १९३८ रोजी तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या बेलग्रेडमध्ये झाला. मूळ नाव दुशान सिमिच. ६ एप्रिल १९४१ ला जर्मन विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता. रस्त्यापलीकडच्या इमारतीवर बॉम्ब पडला आणि हे पोर अंथरुणातून फेकलं गेलं. १९४४ मध्ये त्याच शहरावर पुन्हा बॉम्ब पडले, या वेळी दोस्त राष्ट्रांचे. म्हणजे आधी शत्रूंनी मारलं आणि मग सोडवायला आलेल्यांनी. त्याच वर्षी वडील इटलीकडे गेले आणि तिथून पुढे अमेरिकेत पोहोचले. बायको-मुलांची आणि त्यांची भेट झाली ती थेट १९५४ मध्ये. मधल्या काळात आईने मुलांना घेऊन सीमा ओलांडायचा प्रयत्न केला, तो फसला. १९५३ मध्ये अखेर पॅरिसपर्यंत जाता आलं, तिथे वर्षभर थांबून मग न्यूयॉर्क, मग शिकागो. आपले ट्रॅव्हल एजंट हिटलर आणि स्टालिन होते, असं तो म्हणत असे. ऐकताना हसू येतं. आठवणींचं पुस्तक वाचून झालं की तेच वाक्य निव्वळ माहितीसारखं वाटू लागतं.

त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. युद्ध संपत असताना या लहान मुलाने एका मेलेल्या जर्मन सैनिकाचं हेल्मेट उचलून डोक्यावर घातलं. हेल्मेटबरोबर त्याला उवाही मिळाल्या. सगळा सिमिक मला या प्रसंगात दिसतो. इतिहास केवढा तरी मोठा, आणि तो माणसापर्यंत येतो केसांतल्या उवांच्या रूपात. हा प्रसंग कुणी कल्पनेने लिहिला असता तर आपण त्याला अतिवास्तववादी म्हटलं असतं.

'प्रॉडिजी' ही कविता इथे सांगायलाच हवी. मी सर्वांत जास्त वेळा वाचलेली हीच. एक मुलगा निवृत्त खगोलशास्त्राच्या प्राध्यापकाकडे बुद्धिबळ शिकतो आहे. साल १९४४. विमानं आणि रणगाडे जाताना खिडकीच्या काचा थरथरतात. काळ्या सोंगट्यांचा रंग उडालेला, पांढरा राजा तर हरवलेलाच. त्या उन्हाळ्यात टेलिफोनच्या खांबांना माणसं लटकवलेली आपण पाहिली, असं त्याला इतरांनी सांगितलं आहे, पण त्याचा त्यावर विश्वास नाही. आठवतं ते इतकंच की आई वारंवार त्याचे डोळे झाकायची, त्याचं डोकं पटकन आपल्या कोटाखाली ओढून घ्यायची. आणि शेवटी प्राध्यापक सांगतात की बुद्धिबळातही उस्ताद डोळे बांधून खेळतात, मोठे तर एकाच वेळी अनेक पटांवर. कविता इथे थांबते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेवट चतुर वाटला होता. बऱ्याच वाचनांनंतर त्यातली चतुराई दिसेनाशी झाली. उरली ती डोळे झाकणारी आई, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर आयुष्यभर कविता लिहिणारा मुलगा. रडण्याचा सूर कुठेच नाही. एकही मोठा शब्द नाही. युद्धावरच्या कवितांचा ढीग वाचलेल्या माणसालाही ही वेगळी वाटेल, असं मी खात्रीने सांगते.

याला जोडून येणारी एक खरी घटना. अमेरिकन कवी रिचर्ड ह्यूगो दुसऱ्या महायुद्धात इटलीतून उड्डाण करणाऱ्या बॉम्बफेकी विमानांवर होता. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोघांची गाठ पडली. बोलता बोलता निघालं की ह्यूगोने ज्या शहरांवर बॉम्ब टाकले त्यांत बेलग्रेड होतं, आणि खाली हा मुलगा होता. ह्यूगो हादरला, सिमिकच त्याला सावरू पाहत होता. पुढे ह्यूगोने पत्राच्या रूपात एक कविता सिमिकला उद्देशून लिहिली. हे वाचल्यावर सिमिकच्या कवितेतला योगायोग मला कधीच कृत्रिम वाटला नाही.

आता ज्या कवितांनी त्याला नाव मिळवून दिलं त्या. काटा, चमचा, सुरी, बूट, दगड. १९६७ च्या पहिल्या संग्रहापासून १९७१ च्या 'डिसमँटलिंग द सायलेन्स'पर्यंतच्या काळातलं हे काम. तेव्हा अमेरिकन कवितेत आत्मकथनाची लाट होती, कवी आपली दुखणी, घटस्फोट, हॉस्पिटलं कवितेत आणत होते. आणि हा परदेशातून आलेला पोरगा जेवणाच्या टेबलावरच्या काट्याकडे टक लावून बसला. काटा नरकातून सरपटत वर आलेला आहे, त्याचा आकार पक्ष्याच्या पंजासारखा. तो हातात धरून मांसात खुपसला की उरलेला पक्षी कल्पता येतो, आणि त्या पक्ष्याचं टक्कल पडलेलं, चोच नसलेलं, आंधळं डोकं म्हणजे आपलीच मूठ. जेमतेम दहा ओळी. हिंसा कुठून सुरू होते हे सांगायला त्याला रणांगण लागलं नाही.

या वस्तूंच्या कविता सर्वांत टिकाऊ निघाल्या. पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून वाचल्या, आता त्या पुन्हा पुन्हा काढून बघते. बुटांवरची कविता तर अंगावर येते. बूट म्हणजे आपल्या आतल्या आयुष्याचा गुप्त चेहरा, दोन वासलेली बोळकी तोंडं, आणि जन्मतःच गेलेली भावंडं त्या बुटांतून अजून जगत आहेत. 'बुचर शॉप'मध्ये रात्री बंद खाटीकखान्यासमोर तो उभा आहे. खुंटीवर टांगलेल्या एप्रनवरच्या रक्तात त्याला खंडांचा नकाशा दिसतो. यातल्या कशालाही स्वप्न म्हणायची गरज नाही. रात्री उशिरा चालत निघालेल्या, झोप न येणाऱ्या माणसाला हे असंच दिसतं. सिमिकला निद्रानाश जन्मभर होता.

हे कुठून आलं? पॅरिसमधला आंद्रे ब्रताँचा अतिवास्तववादाचा १९२४ चा जाहीरनामा सगळ्यांना ठाऊक असतो. पण बेलग्रेडमध्येही अतिवास्तववाद्यांचा स्वतःचा गट होता आणि १९३० मध्ये त्यांनी 'नेमोगुचे', म्हणजे 'अशक्य', नावाचं वार्षिक काढलं होतं. सिमिक मात्र स्वतःला वास्तववादी म्हणवून घेई. मनात येईल ते न थांबता लिहीत सुटायचं, या पद्धतीवर त्याची भिस्त नव्हती. उलट तो सतत खोडत बसे. जुन्या, छापून झालेल्या कविताही निवडक संग्रहात घेताना त्याने बदलल्या. तरुणपणी लष्करात असताना तर आधीचं सगळं लिखाण नष्ट करून टाकलं. त्याचा खरा वारसा मला सर्बियन लोककथा, कोडी आणि म्हणींमध्ये दिसतो, आणि सर्बियन कवी वास्को पोपामध्ये. पोपाच्या कविता त्यानेच इंग्रजीत आणल्या. त्यातल्या छोट्या पेटीच्या कविता आवर्जून वाचाव्यात. पेटीला दुधाचे दात येतात, ती वाढत जाते, ज्या कपाटात ती होती ते कपाटच तिच्या आत जातं, मग खोली, मग घर, मग गाव, मग जग. हे वाचून सिमिककडे परत आलं की त्याच्या दगडाच्या कवितेत दगडाच्या आतल्या भिंतींवर ताऱ्यांचे नकाशे का आहेत, ते समजतं.

दुसरा वारसा चित्रकलेतला. जोसेफ कॉर्नेल (१९०३-१९७२) न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारांतून किरकोळ वस्तू गोळा करून लाकडी पेट्यांत मांडायचा. सिमिकने त्याच्यावर १९९२ मध्ये 'डाइम-स्टोअर अल्केमी' हे छोटेखानी पुस्तक लिहिलं. समीक्षाही नाही, चरित्रही नाही, तुकड्या-तुकड्यांचं गद्य. कलेवर लिहिलेल्या पुस्तकांत इतकं मोकळं पुस्तक मी क्वचितच वाचलं आहे. कुणी विचारलं की सिमिकचं एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं, तर माझी जीभ याच नावावर येते. पण कवीचं एकच पुस्तक घ्यायचं आणि ते गद्याचं, हे मनाला पटत नाही.

'द वर्ल्ड डझन्ट एंड' या गद्यकवितांच्या पुस्तकाला १९९० चं पुलित्झर मिळालं. एका परिच्छेदात एक अख्खं बालपण. जिप्सींनी पळवलेलं मूल आईबापांनी परत पळवून आणलं, मग पुन्हा जिप्सींनी नेलं, असं चालूच. दारिद्र्य इतकं की उंदराच्या सापळ्यात आमिषाच्या जागी मुलालाच बसावं लागलं. हे पुस्तक एका बैठकीत संपवता येतं, पण तसं करू नका. सलग वाचलं की युक्ती दिसायला लागते, आणि दिसली की कविता मरते. दिवसाला दोन-तीन पुरे.

इथेच माझी मुख्य तक्रार. तीच सामग्री फार वेळा येते. रिकामा रस्ता, एकच दिवा जळणारी खिडकी, म्हातारा कुत्रा, कावळा, माशी, अनाकलनीय देव. शेवटच्या ओळीचा झटकाही तोच. पन्नास वर्षांचं काम एका खंडात आल्यामुळे हे जास्त जाणवतं. सुटे संग्रह वाचणाऱ्याला इतकं खटकणार नाही. बायकांच्या बाबतीतही तो कमी पडतो. आई सोडली तर बहुतेक बायका स्वप्नात दिसल्यासारख्या येतात आणि जातात, त्यांचा आवाज ऐकू येत नाही. इतक्या बारीक डोळ्याच्या कवीकडून मला जास्त अपेक्षा होती.

'द लुनॅटिक' (२०१५) आणि त्यानंतरच्या संग्रहांत कविता फारच आटत जातात. काही चार-सहा ओळींच्या. त्यातल्या निम्म्या मला टिपणं वाटल्या. उरलेल्या निम्म्या मात्र अशा आहेत की म्हातारपणाबद्दल इतकं कमी बोलून इतकं सांगणारा दुसरा कवी मला लगेच आठवत नाही. अखेरचा संग्रह 'नो लँड इन साइट' २०२२ मध्ये आला आणि ९ जानेवारी २०२३ रोजी तो गेला.

पुरस्कार, पदं याबद्दल फार लिहीत नाही. १९७३ पासून न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवलं, २००७ मध्ये तो अमेरिकेचा राजकवी झाला, त्याच वर्षी एक लाख डॉलरचा वॉलेस स्टीव्हन्स पुरस्कार मिळाला. इंग्रजी शिकायला लागला तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा होता, हे यात विसरलं जाऊ नये. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १९९० च्या दशकातली त्याची भूमिका. युगोस्लाव्हिया फुटत असताना जन्माने सर्ब असूनही त्याने तेव्हाचे सर्बियन नेते मिलोशेविच आणि सर्ब राष्ट्रवाद यांच्याविरुद्ध सतत लिहिलं, आणि आपल्याच लोकांकडून देशद्रोही ठरण्याची किंमत मोजली. 'आपण' या शब्दावर त्याचा भरवसा नव्हता. त्याची कविता नेहमी एकट्या माणसाजवळ, किंवा एकट्या बुटाजवळ का थांबते, याचं उत्तर मला त्या लेखांत मिळालं.

घ्यावं का? इंग्रजीची भीती असेल तर ती सोडा. वाक्यं साधी आहेत, शब्दकोश क्वचित लागतो. अडचण असलीच तर दोन ओळींमधल्या उडीची, आणि ती सवयीने जाते. कविता गुणगुणता आली पाहिजे असं ज्यांना वाटतं, त्यांना इथे फारसं काही मिळणार नाही. छंद नाही, यमक नाही, लय बोलण्याची आहे. सुरुवात जाड खंडाने करू नका. आधी 'अ फ्लाय इन द सूप' वाचा, मग 'द वर्ल्ड डझन्ट एंड', आणि जाड खंड जवळ ठेवून त्यातल्या पहिल्या शंभरेक पानांवर रेंगाळा. पोपाचे अनुवाद मिळाले तर सोडू नका. मी आता त्याने संपादित आणि अनुवादित केलेला सर्बियन कवितांचा 'द हॉर्स हॅज सिक्स लेग्ज' हा संग्रह उघडला आहे.