.४५-७० की .३५० लेजंड : घरी भरायला कोणतं काडतूस घ्यावं?

अमेरिकेतल्या ओहायो राज्याने २०१४ पासून हरणाच्या शिकारीला सरळ केसची (म्हणजे ज्यांची धातूची नळी बुडापासून तोंडापर्यंत जवळपास सरळ असते अशी) रायफल काडतुसं चालू दिली. तिथे नवी रायफल घेऊन काडतुसं घरी भरू (म्हणजे केसमध्ये प्रायमर, पावडर आणि गोळी स्वतः घालू) पाहणारे बरेच जण .४५-७० आणि .३५० लेजंड या दोन नावांवर अडतात. माझं मत आधीच सांगतो. भरण्याचीच हौस असेल तर .४५-७० घ्या. हंगामात एखादं हरीण एवढाच हेतू असेल तर .३५० घ्या आणि काडतुसं दुकानातून आणा.

याचं पहिलं कारण पैसा. .३५० लेजंड विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलं. त्याची तयार पेटी तुलनेने स्वस्त मिळते, त्यामुळे घरी भरून फार काही वाचत नाही. .४५-७० ची पेटी महाग. तिथे प्रेस (केस दाबायचं यंत्र), डाय (त्यात बसणारे साचे) आणि पावडरच्या तराजूवर घातलेले पैसे लवकर वसूल होतात. शिवाय शिशाच्या ओतीव गोळ्या त्याला छान मानवतात.

डाय दोन्हीकडे तीन : केस आवळणारा, तोंड किंचित फुलवणारा, गोळी बसवणारा. नाव सरळ असलं तरी दोन्ही केस तोंडाकडे थोड्या निमुळत्या होतात. .४५-७० ची केस बुडाशी .५०५ इंच, तोंडाशी .४८०. म्हणून आवळण्याआधी वंगण लावाच, नाहीतर केस डायमध्ये रुतून बसते.

खरा फरक क्रिंपमध्ये, म्हणजे केसचं तोंड गोळीवर आवळण्यात, आहे. .४५-७० ची केस चेंबरमध्ये (रायफलमधल्या काडतूस बसायच्या जागेत) बुडाच्या कडेवर अडते, त्यामुळे तोंड गोळीच्या खाचेत बिनधास्त वळवता येतं. नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात आणि मागच्यांचा दाब येतो, तेव्हा तसं वळवणं गरजेचंच. .३५० ची केस तोंडावरच अडते. तिथे तोंड आत वळवलं किंवा केस जास्त कापली गेली, तर काडतूस चेंबरमध्ये खोल जातं आणि रायफलची पिन प्रायमरवर (केसच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर) नीट बसत नाही. फुलवलेलं तोंड हलक्या हाताने सरळ करायचं, बस्स. लांबी कॅलिपरने मोजत राहावी लागते. नवशिक्याला हे जाचक वाटतं.

.४५-७० चा धोका वेगळा. हे काडतूस १८७३ चं, काळ्या दारूसाठी बेतलेलं, पोट मोठं. आजची धूररहित पावडर त्यात तळाशी राहते, आणि चुकून दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये विजेरीने डोकवायचंच. मॅन्युअलमध्ये याचे तीन वेगळे तक्तेही असतात : जुनी ट्रॅपडोअर (कमी दाब सोसणारी जुनी रायफल), आधुनिक लिव्हर रायफल आणि रुगर नंबर १ (मजबूत एकबारी रायफल). रुगरचा आकडा ट्रॅपडोअरमध्ये वापरला तर रायफल फुटू शकते.

रायफल घेण्याआधी आपल्या राज्याची नियमपुस्तिका उघडा. मिशिगनच्या दक्षिण भागात सरळ केसच्या काडतुसांना परवानगी मिळाली ती १.८० इंचांपर्यंतच्या केसला; .४५-७० ची केस २.१०५ इंच, .३५० ची १.७१. आणि इकडे भारतात कुणी हे करू पाहत असेल तर थांबा : शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.