अँटिव्हायरसचे पैसे: घरच्या संगणकाला कशाला, ऑफिसात नेमके कशासाठी

विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरच्या संगणकाला विकतचा अँटिव्हायरस बहुतेक वेळा लागत नाही. ऑफिसला लागतो, पण तिथे जो घेतला जातो तो बऱ्याचदा घरगुती वापराचाच बॉक्स असतो. दुकानदार दोघांनाही एकच डबा विकतो, घोळ तिथेच होतो.

आधी घरचं बघू. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर विंडोजसोबत फुकट येतो. २००९ सालच्या सिक्युरिटी इसेन्शियल्सचा हा वारस. 'फुकटातलं ते काय पकडणार' ही समजूत तेव्हापासूनची आहे आणि त्या काळात ती अगदीच चुकीची नव्हती. आता तसं नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, संगणकाचा वेग आणि वापरातला त्रास या तीन बाबींना प्रत्येकी ६, म्हणजे एकूण १८ गुण देते. त्यात डिफेंडर गेली काही वर्षं वारंवार साडेसतरा ते अठरात असतो. विकतचे नावाजलेले अँटिव्हायरसही तिथेच असतात. अर्ध्या गुणाच्या फरकासाठी दरवर्षी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

डिफेंडरची खरी अडचण वेगळी आहे. त्यातल्या कामाच्या गोष्टी बंद ठेवलेल्या असतात. सर्वांत महत्त्वाची म्हणजे कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस, जी रॅन्समवेअरला, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला, फायलींवर हात टाकू देत नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शन आहे, तिथे ती चालू करा. एवढ्यावर थांबू नका. ती फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज अशा ठरावीक फोल्डरांना सांभाळते. आपल्याकडे मात्र लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, मुलांचे दाखले सगळं डी ड्राइव्हवर असतं, आणि ते उघडंच राहतं. प्रोटेक्टेड फोल्डर्समध्ये जाऊन डी ड्राइव्हवरचे फोल्डर हाताने टाकावे लागतात. नंतर एखादं जुनं सॉफ्टवेअर 'फाइल सेव्ह होत नाही' म्हणून अडेल. तेव्हा पूर्ण सोय बंद करायची नाही, त्याच पानावर 'अलाऊ ॲन ॲप' मध्ये नुकत्याच अडवलेल्या ॲपांची यादी दिसते, त्यातून तेवढंच एक सोडायचं.

दुसरं, ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमधलं रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन. त्यात नको असलेली ॲप अडवण्याचे दोन खटके आहेत, एक ॲपसाठी, एक डाउनलोडसाठी. दोन्ही चालू हवेत. फुकट पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर येणारे टूलबार आणि 'तुमचा पीसी स्लो झालाय' म्हणणारे क्लीनर तिथे अडतात.

डिफेंडर कमी पडतो तो दोन ठिकाणी. वेबसाइट अडवण्याचं त्याचं काम मुख्यतः एज ब्राउझरपुरतं आहे. क्रोम वापरणाऱ्याला गूगलच्या स्वतःच्या छाननीवर अवलंबून राहावं लागतं. विकतचे अँटिव्हायरस कुठलाही ब्राउझर असला तरी बनावट बँकेचं पान अडवायला बघतात. आणि डिफेंडरची बरीचशी ताकद क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, आहे, त्यामुळे इंटरनेट नसताना त्याची पकड ढिली होते. शेतावरच्या ऑफिसात नेट नसलेला आणि दिवसभर पेनड्राइव्ह खाणारा संगणक असेल, तर तिथे विकतचा टाकलेला बरा.

विकतच्यात आपल्याकडे पहिलं नाव निघतं क्विक हीलचं. पुण्याची कंपनी, कैलास आणि संजय काटकर या भावांची, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून वाढलेली. तिचं बळ व्हायरस पकडणाऱ्या इंजिनापेक्षा डीलरच्या जाळ्यात आहे. तालुक्याच्या गावातही बॉक्स मिळतो आणि विकणारा माणूस ओळखीचा असतो. आईवडील गावी आणि मुलं बाहेर, अशा घरात याला किंमत आहे. पण जुन्या चार जीबीच्या मशिनवर तो जड जातो. त्याची रॅन्समवेअरसाठीची बॅकअपची सोय चांगली कल्पना आहे, मात्र बॅकअप त्याच संगणकाच्या ड्राइव्हवर ठेवला जातो. डिस्क मेली की दोन्ही गेले. त्याला बॅकअप समजू नये.

चेन्नईचा के-७ हलका चालतो, जुन्या मशिनसाठी तोच आधी बघावा. ब्रातिस्लाव्हाचा ईसेटही तसाच हलका, सेटिंग्ज समजणाऱ्या माणसाच्या हातात तो सोनं आहे. बुखारेस्टचा बिटडिफेंडर पकडीत पक्का, फक्त सारखं 'हेही घ्या, तेही घ्या' करतो. मुंबईच्या ई-स्कॅनबद्दल एक गोष्ट माहीत असावी: त्याचे अपडेट एचटीटीपीवरून, म्हणजे कुलूप न लावता जात होते, आणि गुप्तीमायनर या मालवेअरने (घातक प्रोग्रामने) मधल्यामध्ये ते बदलून संगणकात शिरण्याची वाट काढली होती. २०२४ मध्ये हे जाहीर झालं, भोक कंपनीने त्याआधीच बुजवलं होतं. अँटिव्हायरस हाही संगणकात सर्वाधिक अधिकार घेऊन बसलेला एक प्रोग्रामच आहे, हे यातून दिसतं.

नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा यांची तुलना करत बसू नका, चारही आता जेन डिजिटल या एकाच घरचे आहेत. अवास्टने ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जम्पशॉट २०२० मध्येच बंद झाली, पण फुकट अँटिव्हायरसचा खर्च कुठून निघतो याचं उत्तर त्यात आहे. रशियाचा कॅस्परस्की भारतात विकला जातो आणि तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे. अमेरिकेत मात्र जुलै २०२४ मध्ये त्याची विक्री आणि सप्टेंबरअखेर अपडेट बंद झाले. म्हणून पाच मशिनचं लायसन्स घेऊन त्यातलं एक न्यू जर्सीतल्या लेकीला द्यायचा बेत असेल तर तो जमणार नाही.

किंमत बघताना बॉक्सवरची एमआरपी आणि पहिल्या वर्षाची सवलत दोन्ही बाजूला ठेवा आणि दुसऱ्या वर्षीचा रिन्यूअलचा भाव विचारा. ऑनलाइन कार्डने घेतलं असेल तर ऑटो-रिन्यूअल त्याच दिवशी बंद करा. हळू चालणाऱ्या मशिनबद्दलही सांगायला हवं: टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि लोक अँटिव्हायरस बदलत बसतात. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर पूर्ण स्कॅन तासन्‌तास चालणारच, कुठलाही टाका. रिन्यूअलचे पैसे एसएसडीत, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये, घालणं जास्त उपयोगाचं.

आणि दोन अँटिव्हायरस एकत्र कधीच नाही. नव्या लॅपटॉपमध्ये आधीच भरलेली ट्रायल संपली की ती नुसती 'क्लोज' करू नका, काढून टाका. साध्या अनइन्स्टॉलने अवशेष राहतात, म्हणून मॅकॅफी, नॉर्टन, अवास्ट, ईसेट या सगळ्यांची स्वतःची साफ करण्याची टूल्स आहेत, ती त्यांच्याच साइटवरून घ्या. रिस्टार्टनंतर विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर स्वतःहून चालू झाला का ते बघा.

आता ऑफिस. फुकट आवृत्त्यांपैकी बऱ्याच जणांचं लायसन्स फक्त घरगुती वापरासाठी असतं, दुकानाच्या बिलिंगच्या संगणकावर त्या टाकणं हा लायसन्सचा भंग आहे. घरगुती बॉक्स विंडोज सर्व्हरवर, म्हणजे ऑफिसच्या मुख्य संगणकासाठीच्या विंडोजवर, सहसा बसतच नाही. पण खरं कारण याहून मोठं आहे. ऑफिसला व्हायरस पकडणाऱ्या इंजिनापेक्षा कन्सोल लागतो: पंधरा मशिनपैकी कुठलं आठवडाभर अपडेट झालेलं नाही, कुणी संरक्षण बंद केलं, कुठे पेनड्राइव्ह लागला, हे एका पानावर दिसणं. पाच मशिनपर्यंत माणूस फिरून बघू शकतो, त्यापुढे नाही.

आणि अँटिव्हायरस बंद केला जातोच. फ्लेक्स आणि डीटीपीच्या दुकानांत क्रॅक मारलेलं कोरल टाकताना पहिली सूचनाच असते, 'अँटिव्हायरस बंद करा आणि फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये (तपासणीतून वगळायच्या यादीत) टाका'. स्टॉप-डीजेव्हीयू या रॅन्समवेअरने असंख्य संगणक याच वाटेने गिळले. म्हणून कन्सोलमधून अनइन्स्टॉलला आणि सेटिंगला पासवर्ड लावणं, आणि कामाच्या लोकांना ॲडमिन नव्हे तर साधं खातं देणं, या दोन गोष्टी कुठल्याही ब्रँडपेक्षा मोठ्या आहेत.

दुसरी वाट रिमोट डेस्कटॉपची. मालकाला रात्री घरून टॅली बघायची असते, म्हणून राउटरवर ३३८९ हे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून दिलं जातं. बाहेरचे प्रोग्राम दिवसरात्र तिथे पासवर्ड चालवून बघतात. एकदा ॲडमिनचा पासवर्ड जुळला की हल्लेखोर आत येऊन माउसने अँटिव्हायरस बंद करतो, विंडोजच्या शॅडो कॉपी (फायलींच्या आपोआप ठेवलेल्या जुन्या प्रती) पुसतो, मग फायलींना कुलूप लावतो. शेअर केलेले ड्राइव्ह आणि सतत लावून ठेवलेली बॅकअपची डिस्कही त्याच फेरीत जाते. अशा वेळी 'अमुक अँटिव्हायरसने पकडलं नाही' ही तक्रार अपुरी आहे, त्याला पकडायला ठेवलंच नव्हतं. पोर्ट बंद करा, व्हीपीएनमधून (ऑफिसपर्यंतच्या कुलूपबंद खाजगी जोडणीतून) या, आणि बॅकअपच्या दोन डिस्क आलटून पालटून वापरा, एक कायम सुटी.

उत्पादनांचं म्हणाल, तर नेट भरवशाचं नसेल तिथे सेक्राइट बघावं. हा क्विक हीलचाच व्यवसायांसाठीचा ब्रँड. त्याचा कन्सोल ऑफिसातल्याच एका मशिनवर बसवता येतो, अपडेट एकदा उतरतात आणि बाकीची मशिन तिथून घेतात. ईसेट प्रोटेक्टही असं जागेवर बसतं, क्लाउडमध्येही मिळतं. बिटडिफेंडरचं ग्रॅव्हिटीझोन क्लाउडवरून सांभाळायला सोपं, तीन शाखांच्या पतसंस्थेला किंवा सीएच्या ऑफिसला सोयीचं. मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर फॉर बिझनेस ३०० लोकांपर्यंतच्या संस्थेसाठी आहे, माणशी महिना ३ डॉलर, त्यात प्रत्येकाची पाच उपकरणं, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम घेतलं असेल तर ते आतच असतं. किमतीत हे आकर्षक वाटतं, पण दोन खोचा आहेत: विंडोजची होम आवृत्ती चालत नाही, प्रो लागते, आणि सर्व्हरचं लायसन्स वेगळं. छोट्या ऑफिसांतले निम्मे लॅपटॉप होमवाले निघतात, तेव्हा आधी ते मोजा.

सर्व्हरवर आणखी एक खाच आहे. साध्या विंडोजवर दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. विंडोज सर्व्हरवर तो होत नाही, हाताने काढावा किंवा बंद ठेवावा लागतो. नाहीतर दोन्ही एकच फाइल तपासत बसतात आणि 'टॅली अडकतेय' अशी ओरड सुरू होते. टॅलीसाठी रिअल-टाइम स्कॅनमधून फक्त डेटाचा फोल्डर वगळा, रात्रीच्या ठरलेल्या स्कॅनमध्ये तो राहू द्या. अख्खा डी ड्राइव्ह वगळला तर मालवेअरला राहायला घर मिळतं.

जीएसटी पोर्टलवर डिजिटल सहीच्या वेळी 'ई-एमसायनर रिस्टार्ट करा' असं येत राहिलं, तर अँटिव्हायरसची एचटीटीपीएस तपासणी, म्हणजे कुलूपबंद वेब जोडणी उघडून बघणं, हे एक नेहमीचं कारण. ई-एमसायनर संगणकातच १२७.०.०.१ या पत्त्यावर, १५८५ पोर्टवर एक छोटा सर्व्हर चालवतो. अँटिव्हायरस मध्ये आपलं सर्टिफिकेट घुसवतो आणि जोडणी तुटते. वेब स्कॅनच्या सेटिंगमध्ये तो पत्ता आणि ई-एमसायनर सोडून द्या. रिटर्न भरताना वीस तारखेला घाईत लोक पूर्ण संरक्षणच बंद करतात आणि नंतर चालू करायचं राहून जातं.

मोठ्या संस्थांनी अपडेट सगळ्या मशिनवर एकदम सोडू नयेत. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर आणले. कन्सोलमध्ये सोय असेल तर आधी दोन-चार मशिनवर, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांवर.

बसवून झाल्यावर तपासायचं कसं? ईकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-ओळ आहे, ती नोटपॅडमध्ये चिकटवून फाइल सेव्ह करा. काही क्षणांत ती उचलली गेली पाहिजे आणि कन्सोलवर त्या मशिनच्या नावाने नोंद दिसली पाहिजे. फाइल जागेवर राहिली तर संरक्षण बंद आहे. फाइल गेली पण नोंद आली नाही, तर मशिन कन्सोलशी बोलत नाही, बहुधा फायरवॉलमुळे. डीलरला बिल चुकतं करण्याआधी त्याच्यासमोरच हे प्रत्येक मशिनवर करून घ्या.