लस्टमोर्डचा 'हेरसी' की ईनोचा 'ऑन लँड': डार्क अँबियंटची सुरुवात कुठून करावी

डार्क अँबियंट हा संगीताचा प्रकार म्हणजे काय हे तुम्हाला माहिती असणार, शब्द नाहीत, ठेका नाही, खालून घुमत राहणारा आवाज, त्यामुळं त्यात जात नाही. नवीन ऐकणारे विचारतात ते एवढंच, की आधी 'हेरसी' हा अल्बम घ्यावा का 'ऑन लँड'. मी दोन्ही मन लावून ऐकलेत, त्यातला एक कायमचा हाताशी राहिला आणि दुसरा अधूनमधून निघतो. तुमच्याकडं उलटंही होऊ शकतं, पण माझं तसं का झालं ते सांगतो.

समीक्षकांचं ऐकाल तर पारडं 'हेरसी'कडं झुकतं. १९९० चा अल्बम, वेल्सचा ब्रायन विल्यम्स म्हणजेच लस्टमोर्ड, आणि या प्रकाराचा पाया कुणी घातला असा विषय निघाला की पहिलं बोट याच्यावरच ठेवतात. ते उगाच नाही. तळघरं, गुहा, खाणी, जमिनीखालचे निवारे अशा जागी जाऊन केलेलं रेकॉर्डिंग, त्यात भूकंप आणि ज्वालामुखीचे आवाज मिसळलेले, आणि सहा भाग. वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात ज्यानं एकदा तरी मोकळा आवाज लावून पाहिलाय त्याला हे लगेच कळेल, आपण गप्प झालो तरी वरच्या दगडी फासळ्यांत आवाज किती वेळ फिरत राहतो. लस्टमोर्डनं अख्खा अल्बम त्या मागं राहिलेल्या आवाजावर उभा केलाय, आणि चांगल्या हेडफोनवर तो अक्षरशः अंगावर येतो.

ऐकणाऱ्यांत मात्र सरळ दोन तट पडतात. एकाला यात खोली दिसते, दुसरा म्हणतो यात काही होतच नाही. माझ्या मित्रानं पहिल्या भागालाच विचारलं, "कामून लावलंस रे हे, पिठाची गिरणी चालू असल्यावानी वाटायलंय." त्याला मी दोष देत नाही, कारण तो ऐकत होता मोबाईलच्या स्पीकरवर, आणि त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचा आवाज बाहेर येतच नाही, नुसती वरची खरखर येते.

आता 'ऑन लँड'. १९८२ चा, इंग्लंडचा संगीतकार ब्रायन ईनो याच्या 'अँबियंट' नावाच्या मालिकेतला चौथा. 'हेरसी'च्या आठ वर्षं आधीचा, म्हणून समीक्षक याला डार्क अँबियंटचा पूर्वज म्हणतात आणि बरेच जण तेवढ्यावरच पुढं जातात, ते मला पटत नाही. ईनो घानाला गेला होता तेव्हा संध्याकाळी बाहेर बसून मायक्रोफोन लावायचा आणि आजूबाजूचा सगळा आवाज हेडफोनवर ऐकत राहायचा, या अल्बमचं मूळ त्यात आहे. त्यामुळं इथं बेडूक आहेत, किडे आहेत, दगडं-साखळ्यांचे आवाज आहेत, आणि हे सगळं जवळ-लांब असं पसरलेलं आहे. 'शॅडो' नावाच्या तुकड्यात जॉन हॅसलचा ट्रंपेट आहे, हा माणूस किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडं शिकलेला, आणि ट्रंपेटवर गळा आणायचा त्याचा ध्यास होता. किराणा ऐकत वाढलेल्या माणसाला ती मींड न सांगता ओळखू येते. भीती याच्यातही आहे, पण ती अंगावर धावून येत नाही, लांब कुठंतरी उभी असते.

माझा निर्णय मात्र यातल्या कशावरच झाला नाही. तो झाला कूलरवर. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण म्हणतो, पण त्या परभणीत मार्च संपला की कूलर चोवीस तास चालू असतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत बंद होत नाही. कूलरच्या मोटारीची घरघर नेमकी खालच्या पट्टीत, आपली वीज ५० हर्ट्झची, तिचा गुणगुणाट ५० आणि १०० च्या आसपास, आणि 'हेरसी'चा जीव बराचसा त्याच तळात अडकलेला. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात आणि अल्बम गायब होतो, व्हॉल्यूम वाढवावा तर डोकं जड होतं, कूलर बंद करावा तर घामानं बसवत नाही, रात्री अकराला भिंती तापलेल्या असतात. दोन-अडीच महिने असं चाललं की माणूस तो अल्बम लावायचाच सोडतो, माझं तेच झालं. 'ऑन लँड'चं तसं होत नाही, त्यातले बारीक आवाज वरच्या पट्टीत असल्यानं ते कूलरच्या वर तरंगतात, आणि गच्चीवर झोपायला गेलो तर बाहेरच्या रातकिड्यांतही ते बिनतक्रार मिसळतात, कुठला किडा ईनोच्या इंग्लंडातल्या सफोकचा आणि कुठला आमच्या वसमत रोडचा ते कळत नाही. हे मी काही मोजलेलं नाही, कानानं सांगतोय.

अजून एक. माझ्या काकांचं गाव जायकवाडीच्या धरणात गेलं, नाथसागराचं पाणी उतरलं की अजून काही पडक्या भिंती दिसतात म्हणतात. त्यांना संगीतातलं फार काही कळत नाही. एकदा घरी 'ऑन लँड' चालू होता, शेवटचा तुकडा, 'डनिच बीच, ऑटम, १९६०'. डनिच हे इंग्लंडच्या सफोकमधलं जुनं बंदर, समुद्रानं हळूहळू गिळलेलं, आणि ईनो त्याच भागात वाढलेला. काकांना यातलं काहीच माहिती नव्हतं. ते चहाचा कप हातात धरून बसून राहिले, तुकडा संपल्यावर म्हणाले, "हे कुठलं गाव हाय?" कितीतरी परीक्षणं वाचली मी या अल्बमवर, पण मला हीच प्रतिक्रिया सगळ्यात जवळची वाटते.

तर पाहा, तुम्हाला जर खरंच काळजात धस्स व्हायला हवं असेल, बंद कानाचे चांगले हेडफोन असतील आणि डिसेंबर-जानेवारीची थंड रात्र असेल, तर 'हेरसी' घ्या, त्या बाबतीत 'ऑन लँड' कमीच पडेल. बाकी वर्षभर घरात लावून ठेवायचा म्हणाल तर मी 'ऑन लँड' म्हणेन. आणि तो घेतलात तर ईनोनं सांगितलेली तीन स्पीकरची जोडणी जरूर करा. तिसरा छोटा स्पीकर मागच्या बाजूला ठेवायचा आणि त्याच्या दोन तारा ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या लाल टर्मिनलला लावायच्या, काळ्याला काहीच नाही. मग दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं त्यात कटतं आणि फक्त फरक ऐकू येतो, बेडूक थेट पाठीमागं येऊन बसतात. जुन्या साध्या ॲम्पवर हे मस्त चालतं, हल्लीच्या छोट्या डिजिटल ॲम्पवर मात्र करू नका, त्यातल्या बऱ्याच ॲम्पचं आउटपुट ब्रिज केलेलं असतं, म्हणजे काळ्या टर्मिनलमधूनही सिग्नल येतो, आणि ॲम्प जळू शकतो, आधी कुणा जाणत्या मेकॅनिकला दाखवून घ्या.