इगतपुरीचा विपश्यना कोर्स, देव मानणाऱ्यांसाठी आणि न मानणाऱ्यांसाठीही

धम्मगिरीचा, म्हणजे इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचा, १० दिवसांचा कोर्स करावा का असं ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून इथेच लिहितेय. माझं मत, नक्की करा, पण काय असतं ते माहीत करून जा.

पहाटे ४ ला घंटा, रात्री साडेनऊपर्यंत दिवे बंद, मधे जवळपास दहा तास ध्यान. मोबाईल, पुस्तकं, वही-पेन सगळं जमा. आर्य मौन म्हणजे खाणाखुणासुद्धा नाहीत, आणि तुमची जपमाळ, पूजा, स्तोत्रंही तेवढे दिवस बाजूला. पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीपाशी श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना देतात, मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं आणि एकेक तास न हलता बसायचं. गुडघे भयंकर दुखतात. पण दुखणं येतं, वाढतं आणि कधीकधी बसल्या जागी विरूनही जातं, हे स्वतः बघितल्यावर मला तरी राग-भीतीकडे वेगळं बघता आलं.

दहाव्या दिवशी मौन सुटलं की खरी मजा, सगळ्याजणी एकदम बोलायला लागतात. एक वारकरी काकू म्हणाल्या, नाव नाही घेतलं गं, पण पांडुरंग आतच होता. नागपूरच्या एका ताईला हे अध्यात्म वगैरे शब्दच पटत नव्हते, ती त्रिशरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि पाच शीलं) ऐकतच मोठी झालेली, दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणारी, तिचं म्हणणं धम्म म्हणजे आधी माणसानं माणसाशी कसं वागायचं ते, डोळे मिटून शांत झालात आणि बाहेर येऊन जात बघितलीत तर काय उपयोग. मला तिचं शंभर टक्के पटलं, अजून आठवतं. आणि देव-आत्मा काहीच न मानणारी एक मुलगी झोप लागत नाही म्हणून आलेली. ज्यांच्या पद्धतीने हा कोर्स चालतो ते गोयंका गुरुजी स्वतः पण ब्रह्मदेशात मायग्रेनने बेजार होऊन त्यांचे विपश्यनेचे गुरू सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले होते, देव शोधायला नाही.

नास्तिक लोकांना एक सांगते. हा संप्रदाय नाही असं म्हणतात, पण सुरुवातीला त्रिशरण घ्यावं लागतं, पाली मंत्र कानावर पडतात, संध्याकाळच्या प्रवचनात पूर्वजन्माचा विषय येतो. मी तेवढं सोडून दिलं, श्वास बघायला ते मानावं लागत नाही.

फी नाही, राहणं-जेवण सगळं जुन्या साधकांच्या दानातून, आणि कोर्स पूर्ण केल्याशिवाय तुमच्याकडून दान घेतही नाहीत. ही गोष्ट मला फार मोठी वाटते, कारण आजकाल शांतीचंसुद्धा पॅकेज मिळतं.

नवीन लोकांना संध्याकाळी फक्त चहा-फळ मिळतं. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर फॉर्ममध्ये खरं लिहा, आधी डॉक्टरांशी बोला, १० दिवस एकटं स्वतःसोबत राहणं सोपं नाही. एकदम एवढं नको वाटत असेल तर मुंबईत गोराईच्या विपश्यना पॅगोडात आनापानाचं, म्हणजे फक्त श्वास बघण्याचं, छोटं सत्र असतं, तिथे आधी बसून बघा.