खिंडीत गाठून पैसे उकळणारे: राजगड–तोरण्याचा अनुभव

दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं की राजगड–तोरणा करणाऱ्यांची रीघ लागते आणि त्यांना गंडवणाऱ्यांचीही. यंदा त्यात आम्ही सापडलो: मी, माझी नणंद आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी. रक्कम फार मोठी नव्हती, पण सगळा प्रकार इतका ठरवून, घोकून केलेला होता की पुढच्यांसाठी नीट लिहून ठेवते.

हा ट्रेक केलेला नसेल त्यांच्यासाठी आधी वाट सांगते, कारण सगळी गोम तिच्यातच आहे. पुण्याहून नसरापूर, मार्गासनी, साखर करत गुंजवण्याला यायचं आणि गाडी तिथे ठेवायची. चोर दरवाजाने राजगडाच्या पद्मावती माचीवर, तिथून संजीवनी माचीकडे, आणि अळू दरवाजातून बाहेर पडून खाली डोंगरधारेवर. मग ही धार सोडायची नाही. ती चढउतार करत थेट तोरण्याच्या बुधला माचीला जाऊन भिडते. मध्ये एका खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो, तो ओलांडून पुन्हा धारेवर चढायचं. तोरण्यावर मेंगाईच्या देवळापर्यंत पोचलं की बिनी दरवाजाने वेल्ह्यात उतार. चांगल्या चालणाऱ्यालाही दहा-बारा तास लागतात. दोन गडांच्या मधल्या धारेवर सावली नाही आणि पाण्याचा भरवसा नाही. आणि उतरता तेव्हा तुमची गाडी असते डोंगरापलीकडे, गुंजवण्यात. त्यामुळे ‘परतीच्या जीपसह पूर्ण वर्तुळ’ असं जाहिरातीत दिसलं की हायसं वाटतं.

आम्हीही ऑनलाइन एका पानावरच्या अशाच जाहिरातीला भुललो. माणशी 1,499 रुपये. नाश्ता, जेवण, प्रशिक्षित लीडर, विमा आणि ती जीप, सगळं त्यात. ‘शेवटच्या तीनच जागा.’ क्यूआर कोड स्कॅन केला तर खात्यावर संस्थेचं नावच नाही, कुणा बाईंचं नाव. विचारलं तर म्हणे, “मॅडम, अकाउंट्स त्याच बघतात.” राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. मी नोंदणी क्रमांक मागितला. “प्रोसेसमध्ये आहे मॅडम.” विम्याचा कागद मात्र तत्परतेने आला. त्यावर ट्रेकचं नाव हरिश्चंद्रगड होतं! तेही म्हणे “टायपिंग मिस्टेक.”

पैसे भरून झाल्यावर ग्रुपवर फर्मान निघालं: राजगड आता युनेस्कोच्या यादीत गेल्यामुळे ‘हेरिटेज परवानगी’चे माणशी 150 रुपये जास्त. राजगड 2025 च्या जुलैमध्ये इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला हे खरंच आहे. पण युनेस्को काही गडाच्या पायथ्याशी पावत्या फाडत बसत नाही. राजगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. सरकारी शुल्क असेल तर त्याची सरकारी पावती मिळते. शिवाय तोरणा त्या यादीत नाहीच, आणि या पठ्ठ्यांनी दोन्ही गडांचे मिळून पैसे लावले होते. हे ग्रुपवर लिहायला गेले तर तिथे फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येत होतं. नणंद म्हणाली, “जाऊ दे गं वहिनी, दीडशे रुपयांसाठी कुठे डोकं लावतेस.” भरले.

पहाटे गुंजवण्यात पंचवीसेक माणसं जमली. चहा पिताना गप्पा निघाल्या आणि कळलं, कुणी 1,199 भरलेत, कुणी 1,800, आणि प्रत्येकाने बुकिंग केलेलं पान वेगळं. हा धंदा कसा चालतो ते तेव्हा ध्यानात आलं. जाहिरात करणारा ट्रेक नेतच नाही. तो माणसं गोळा करतो, आपलं कमिशन कापतो आणि दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, दुसरा तिसऱ्याच्या. डोंगरावर तुमच्याबरोबर येतो तो साखळीतला शेवटचा, आणि त्याच्या हातात माणशी काही शे रुपयेच उरलेले असतात. ते कमी पडतात, ते तो वाटेत वसूल करतो.

आमचा लीडर एकवीस-बावीसचा पोरगा. प्रथमोपचाराच्या पेटीत तापाच्या गोळ्यांची एक पट्टी आणि अर्धी संपलेली बँडेजची गुंडाळी. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी बघून भाची हरखली, खाली उतरून दोन भिंतींमधून चालून आली. तिने काही विचारलं तर याने सांगितलं, रायगडानंतर महाराजांनी राजधानी इथे आणली. मागून एक आजोबा पुटपुटले, “उलटं, बाळा, उलटं.”

खिंडीत पोचलो तेव्हा डोक्यावर ऊन होतं आणि बहुतेकांच्या बाटल्या तळाला गेल्या होत्या. लीडर जरा पुढे जाऊन फोनवर बोलून आला आणि चेहरा गंभीर करून म्हणाला, “पुढे आग्या मोहोळ उठलंय. वनखात्याने वाट बंद केलीय. इथून जीपने वेल्ह्याला जावं लागेल, माणशी 400.” जीप तिथे आधीच उभी होती. ड्रायव्हर पाठीमागचं दार उघडून तयार. आमच्या पैशांत परतीची जीप होती ना, असं कुणीतरी विचारलं. “ती वेल्ह्याहूनची, मॅडम. ही खिंडीतली. ती वेगळी.”

तिथे कुणी वाद घालत नाही. पाय भरून आलेले असतात, मोबाइलची रेंज येते-जाते, मागे राजगडाची चढण आणि पुढे म्हणे माश्या. निम्म्या लोकांनी पैसे काढले. तेवढ्यात रस्त्याकडेला ताकाची बरणी घेऊन बसलेल्या मामांना भाचीने सहज विचारलं, “मामा, माश्या कधी उठल्या हो?”

“कसल्या माश्या?”

“वाट बंद केलीय म्हणतात.”

“कुनी क्येली बंद? सकाळच्याला पोरं ग्येली की तोरन्यावं.”

लीडर मध्ये पडला, “काका, तुम्हाला माहीत नाही, आजच ऑर्डर आलीय.”

“मला म्हाईत न्हाई? माझी गुरं हायती तिकडं.”

जीपवाल्याने तेवढ्यात निमूटपणे गाडी सुरू केली. ज्यांनी पैसे दिले होते त्यातले बरेचजण तरीही बसले, त्यांच्यात चालायचं त्राणच नव्हतं. आम्ही आणि ही वाट आधी केलेली चार-पाच मुलं मामांकडून बाटल्या भरून पुढे निघालो. एकही माशी दिसली नाही. वेल्ह्यात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जीप नव्हती, लीडरचा फोन बंद. तिथल्याच एका जीपवाल्याने वाजवी पैशांत गुंजवण्याला सोडलं. तो म्हणाला, शनिवार-रविवार अशी टाकून दिलेली माणसं आम्हाला मिळतातच.

पुढचा प्रकार याहून वाईट. मी पैसे परत मागितल्यावर काही दिवसांनी सगळ्यांनाच मेसेज आला: रिफंडसाठी सोबतचा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. आमच्यातल्या एका मुलाने घाईत टाकला आणि खात्यातून हजारो रुपये गेले. त्याने तिथल्या तिथे 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला म्हणून रक्कम पुढच्या खात्यात अडवल्याचं बँकेने कळवलंय, हातात यायची आहे. मी जाहिरात, पावत्या आणि मेसेज यांचे स्क्रीनशॉट जोडून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय.

जाणार असाल तर पैसे भरण्याआधी एकच गोष्ट विचारा: डोंगरावर आमच्याबरोबर प्रत्यक्ष कोण येणार? त्याचं नाव, नंबर. मग त्याच्याशी बोला. साखळीतल्या मधल्या माणसाला ते सांगताच येत नाही. विम्याचा कागद तुमच्या नावाने आणि त्याच ट्रेकचा हवा. पॉलिसी क्रमांक कंपनीला फोन करून पडताळता येतो. आणि माझं ऐकाल तर गाडी वेल्ह्यात ठेवा. तिथली जीप करून पहाटे गुंजवण्याला जा आणि राजगडाकडून सुरुवात करा. जीपचे पैसे ठरतात तेव्हा तुम्ही ताजेतवाने असता, घासाघीस करू शकता, आणि संध्याकाळी उतरता ते थेट आपल्या गाडीपाशी. कुणाच्या परतीच्या जीपवर अवलंबून राहावं लागत नाही.

आम्ही बुकिंग केलं ते पान महिनाभर बंद होतं. आता नवीन नावाने सुरू झालंय, बुधला माचीच्या फोटोखाली ‘राजगड’ लिहून. येत्या शनिवारच्या ‘शेवटच्या तीन जागा’ अजून शिल्लक आहेत.