छोटं क्लॅरिनेट की मोठं? बोटांना, ओठांना आणि दमाला काय झेपेल

चतुर्थीला कुडाळला घरी गेलो की आरतीनंतर कुणी ना कुणी वाजवायला लावतंच. यंदा चुलतभावाने त्याच्या दहा वर्षांच्या लेकीचं प्रकरण समोर ठेवलं. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट ऐकल्यापासून ती त्याच वाद्यासाठी अडून बसली आहे. (बँडवाले क्लॅरोनेट म्हणतात, चालायचंच.) दुकानदाराने "लहान मुलीला लहान साइज" म्हणून काळी दोनचं दाखवलं होतं. आमच्या काकीचंही मत तेच: "बारीक आसा म्हणजे सोपा आसतला."

तिला हसण्यात अर्थ नाही. विसाव्या वर्षी मीही असंच समजून काळी दोनचं सेकंडहँड वाद्य घेतलं होतं. मे महिन्यातल्या एका वरातीत, भर दुपारी, ते इतकं चढं लागलं की ट्रम्पेटवाल्याने वाजवणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. पुढचे दोन तास मी नुसत्या कीज हलवत चाललो.

ही काळी-पांढरीची भाषा पेटीवाल्यांना सांगायला नको. इतरांसाठी: क्लॅरिनेटवर सा, म्हणजे इंग्रजी नोटेशनमधला सी, वाजवला की पेटीवरची जी काळी किंवा पांढरी पट्टी जुळते, ते त्या वाद्याचं नाव; काळी दोन म्हणजे सप्तकातली दुसरी काळी. आपल्याकडे सगळीकडे दिसतं ते बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच, लांबी साधारण 66 सेंटिमीटर. ई फ्लॅट म्हणजे काळी दोन, जेमतेम 49 सेंटिमीटर. बेस क्लॅरिनेट काळी पाचचंच, पण एक सप्तक खाली आणि नळी जवळपास दुप्पट. बोटं सगळ्यांवर जवळजवळ सारखीच पडतात, आणि घोटाळा इथेच होतो. एकावर हात बसला म्हणजे सगळी आली असं वाटतं. बोटं येतात, पण ओठ आणि दम प्रत्येक साइजला नव्याने घडवावे लागतात.

एक अडचण मात्र कुठल्याही साइजमध्ये सुटत नाही. बासरीवर फुंकर वाढवली की तीच बोटं वरच्या सप्तकात तोच स्वर देतात. क्लॅरिनेटची नळी आतून सारख्याच रुंदीची आणि एका टोकाला बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे खालच्या सा ची बोटं ठेवून रजिस्टर की (वरचे स्वर काढणारी, डाव्या अंगठ्याजवळची) दाबली की वरच्या सप्तकातला पंचम वाजतो. म्हणजे दोन सप्तकांची बोटं वेगळी पाठ करायची. शिवाय खालचे स्वर संपून वरचे सुरू होतात तिथे अडचण आहेच: एका स्वराला जवळपास सगळी बोटं उचललेली, आणि पुढच्याच स्वराला सगळी भोकं एकदम बंद. नवशिक्यांची पहिली किंचाळी बहुधा इथेच निघते.

आता काळी दोन आणि काळी पाच शेजारी ठेवून बघा. काळी दोनची भोकं जवळजवळ असतात, त्यामुळे लहान हाताला पकड सोपी. वजनही कमी. तिची सोय इथे संपते. माउथपीस आणि रीड (त्यावर बसवलेली, फुंकरीने थरथरणारी पातळ पट्टी) दोन्ही बारीक असल्याने ओठ घट्ट आणि स्थिर धरावे लागतात, आणि नवशिक्याचे ओठ दहा मिनिटांत थकतात. ओठ जरा सैल पडला की स्वर घसरतो, जरा आवळला की चढतो. सुरात आणायला बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) एक मिलिमीटर ओढली, तर लहान नळीत तेवढ्यानेही जास्त फरक पडतो. उन्हात वाद्य तापलं की सूर चढतो तो वेगळाच. वरच्या स्वरांना कान पक्का लागतो, कारण तिथली चूक लपत नाही. अख्ख्या मिरवणुकीत तेच ऐकू येतं. मोठ्या बँडांत काळी दोन अनुभवी वादकाकडे देतात, त्याचं कारण हेच.

काळी पाच यापेक्षा पुष्कळ माफ करणारी. दोन किंवा अडीच नंबरचं, म्हणजे मऊसर, रीड लावलं तर पहिल्याच आठवड्यात खर्जातले चार स्वर भरीव येतात. वजन पाऊण किलोच्या आसपास, आणि तो भार सगळा उजव्या अंगठ्यावर. लहान मुलांना तो दुखतो, पण गळ्यात पट्टा घातला की भागतं. खरी कसोटी भोकांची. ती उघडी असतात आणि बोटाच्या मऊ भागाने पूर्ण झाकावी लागतात. केसाएवढी फट राहिली तरी स्वर फुटतो. आपल्या गाण्याला मात्र ही उघडी भोकंच उपयोगी. बोट हळूच सरकवून मींड काढता येते, नाट्यपदातली लचक त्याशिवाय येत नाही.

पांढरी सहा, म्हणजे ए क्लॅरिनेट, काळी पाचपेक्षा थोडं लांब; माउथपीसही तेच चालतं. अवघड काही नाही, पण ते पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी. मोझार्टचा 1791 चा कॉन्चेर्टो त्याच पट्टीत आहे. भजनाला त्याची गरज नाही. पांढरी एकचं मिळालं तर पेटीशी थेट जुळतं, डोक्यात हिशेब करावा लागत नाही, पण ते सहसा मिळत नाही. काळी पाच आणि बेसच्या मधल्या मापाच्या आल्टो क्लॅरिनेटबद्दल माझं मत वाईट आहे, म्हणून सोडून देतो.

बेसबद्दल उलटा गैरसमज: एवढं मोठं म्हणजे अवघडच. खालचे स्वर खरं तर सोपे निघतात. ओठ सैल ठेवायचे, दम भरपूर सोडायचा, रीड टेनर सॅक्सोफोनच्या मापाचं. भोकांवर झाकणं असल्याने फट राहण्याची भीतीही नाही. त्रास वर गेल्यावर सुरू होतो. रजिस्टर बदलताना स्वराखाली घुरघुर येते, आणि ती घालवायला महिने लागतात. झाकणांमुळे बोटाने मींड काढणं जवळपास बंदच. शिवाय वाद्य जमिनीवर खुंटी टेकवून, बसून वाजवायचं. विसर्जनाला ते घेऊन चालत जाणार कसं?

आणि आपली हवा. जून ते सप्टेंबर पॅड (कीजखालच्या, भोकं झाकणाऱ्या गाद्या) फुगतात, चिकटतात, उचलताना चट् आवाज करतात. मी पॅडखाली सिगारेटचा कागद दाबून ओल शोषून घेतो. खाऱ्या वाऱ्याने बारीक स्प्रिंगा गंजतात. बेसवर लांब दांड्या आणि जास्त स्प्रिंगा, म्हणजे दुरुस्तीही जास्त. लाकडी सांधे पावसाळ्यात फुगून अडकतात, म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने पहिलं वाद्य प्लॅस्टिकचं घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. रीड डबीत ओलं बंद केलं तर चार दिवसांत बुरशी.

भावाला मी काळी पाचच सांगितलं. बेस हवंच असेल तर दोन-तीन वर्षांनी, काळी दोन त्याहून उशिरा. तो म्हणाला, "पण हिची बोटं पुरतील काय?" मग माझंच वाद्य तिच्या हातात दिलं, सगळी भोकं मिनिटभर दाबून धरायला लावली आणि बोटं उलटी करून बघितली. बोट नीट बसलं असेल तर त्याच्या मऊ भागावर भोकाचा गोल वळ उठतो. डाव्या हाताच्या तिन्ही बोटांवर वळ पूर्ण होते. उजव्या अनामिकेवर, जिथे भोक मोठं आणि लांब, तिथे निम्मीच चंद्रकोर.

माउथपीस आणि बॅरल एवढंच जोडून तिला दिलं, एकच स्वर न हलवता धरायचा सराव म्हणून. अनामिका पुढच्या चतुर्थीला पुन्हा बघायचं ठरलंय. तोवर तो एक स्वर काकीला रोज ऐकावा लागणार.