डबा घ्यावा की पिशवी भरावी? इम्युनिटीच्या खर्चाचा नागपुरी हिशेब

पावसाळा मुरला की नागपुरात डेंग्यू-चिकनगुनियाची साथ येते आणि मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर इम्युनिटीचे डबे पुढे सरकतात. करक्यूमिन, ओमेगा-३, झिंक, व्हिटॅमिन सी, प्रोबायोटिक. महिन्याचे हजार-दोन हजार सहज जातात. तेवढ्याच पैशांत इतवारीतून डाळी, जवस आणि हळद, कॉटन मार्केटमधून भाजी-फळं येतात. हे लिहिलंय ते या दोन खर्चांपैकी एक निवडायचा असलेल्यांसाठी. म्हणजे ताप गेला पण सांधे धरलेले आहेत, रिपोर्टात सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) थोडा वर आहे, किंवा वारंवार सर्दी-खोकला होतोय म्हणून कुणीतरी ‘इम्युनिटी वाढव’ असं सांगितलंय, अशांसाठी.

वाढवायचं म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहू. जंतू शिरला की प्रतिकारपेशी रसायनं सोडतात, रक्तवाहिन्या सैल होतात, जागा लाल होते, सुजते, ताप येतो. हा दाह म्हणजे प्रतिकारशक्तीचं कामच आहे. काम संपल्यावर तो विझला पाहिजे. चिकनगुनियानंतर महिनोन् महिने सांधे दुखतात तेव्हा तो नीट विझलेला नसतो. पोटाभोवती चरबी साठलेल्या माणसात तर जंतू नसतानाही तो धुमसत राहतो, कारण ती चरबी स्वतःच टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ ही दाह पेटवणारी रसायनं सोडते. इंटरल्यूकिन-६ यकृतात पोचलं की सीआरपी तयार होतो. त्यामुळे कंबर वाढलेल्या माणसाने प्रतिकारशक्ती ‘वाढवायला’ डबा घ्यावा, हे मला पटत नाही. त्याची यंत्रणा आधीच जास्त चालू आहे. उलट ज्याला पुरेसं खायला मिळत नाही, त्याची यंत्रणा खरोखर दुबळी असते. दोघांना एकच डबा विकला जातो.

व्हिटॅमिन सी. इथे पिशवी जिंकते, फार चर्चा नको. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलीग्रॅम लागतं. आपल्या संत्र्याला २०१४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, अभिमान आहेच. पण सी बघायचं तर पेरू आणि आवळा संत्र्याच्या कितीतरी पुढे आहेत. मध्यम आकाराचा एक पेरू दिवसाची गरज भागवून वर उरतो. ५०० मिलीग्रॅमची चघळायची गोळी स्वस्त असते हे खरं, पण अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात रोज सी घेणाऱ्या सर्वसाधारण लोकांची सर्दी काही कमी झाली नाही. मोठ्यांची झालेली सर्दी सुमारे ८ टक्क्यांनी लवकर आटोपली, एवढंच. मुतखडा झालेल्याने तर मोठ्या डोसापासून लांबच राहावं.

व्हिटॅमिन डी आणि बी-१२. इथे मात्र मी डब्याच्या बाजूची आहे. उन्हात तापणाऱ्या गावात डी कमी कसं, असं लोक विचारतात. मे महिन्यात ४५ अंशांत माणूस दुपट्टा गुंडाळून कूलरपुढे जाऊन बसतो, आणि डी तयार करणारे किरण असतात ते साधारण दहा ते तीनच्याच उन्हात. सकाळी सहाच्या फेरफटक्याला हवा चांगली असते, डी नाही. जेवणातून ते फार थोडं मिळतं, थोडं अंड्याच्या बलकातून, थोडं तेलकट मासळीतून. अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर पाच वर्षं चाललेल्या व्हायटल चाचणीत रोज २००० युनिट डी घेणाऱ्या गटात आमवातासारखे (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) स्वयंप्रतिकार आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते, २२ टक्क्यांनी कमी आढळले. एवढा ठोस पुरावा बाकीच्या डब्यांपाशी क्वचितच असतो. पण ६० हजार युनिटांची आठवड्याची पुडी शेजाऱ्याने सांगितली म्हणून महिनोन् महिने घेऊ नये. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडांना त्रास होतो. तपासणी करावी, कमी असेल तर डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्यावी.

बी-१२ वनस्पतींमध्ये नसतंच. दूध-दही जेमतेम घेणाऱ्या शाकाहारी माणसाने, आणि मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याने, ते तपासून गोळी घ्यावी. पिशवी कितीही भरली तरी ही जागा भरून निघत नाही.

जवस की फिश ऑइल? हा सगळ्यात गुंतागुंतीचा सामना आहे आणि आपल्याकडे तो जास्त महत्त्वाचा, कारण जवस विदर्भाच्या घराघरात आहे. एक मोठा चमचा जवसात दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ असतं, पण एएलए या वनस्पतींतल्या रूपात. दाह विझवणारे रेणू बनतात ते ईपीए आणि डीएचए या मासळीतल्या रूपांपासून, आणि शरीर एएलएचा फार लहान भाग ईपीएत बदलतं, डीएचएत तर त्याहूनही कमी. म्हणून ‘जवस म्हणजे शाकाहारी फिश ऑइल’ हे म्हणणं टिकत नाही.

आता डब्याकडे पाहा. पुढे ठळक १००० मिलीग्रॅम लिहिलेलं असतं, ते तेलाचं वजन. मागच्या बारीक अक्षरांत बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं फक्त ३००. आमवातावरच्या ज्या अभ्यासांत वेदनाशामक गोळ्या कमी झाल्या, त्यांत रोज अडीच-पावणेतीन ग्रॅम दिलं जात होतं. तो डोस साध्या कॅप्सूलने गाठायचा तर दिवसाला आठ-नऊ गिळाव्या लागतील. रोज एक कॅप्सूल घेऊन ‘फरक वाटतो’ म्हणणाऱ्याचा बहुतेक वेळा कालांतराने दाह आपोआपच उतरलेला असतो.

माझा कौल असा. आमवाताचं निदान झालंय आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांधेविकारांचे डॉक्टर) सांगताहेत, तर जास्त तीव्रतेचं फिश ऑइल त्यांच्याच सल्ल्याने घ्या. बाकी सगळ्यांनी जवसाची चटणी खा, कारण तिच्यातून तंतू (फायबर) आणि लिग्नान ही वनस्पतिजन्य द्रव्यंही मिळतात, कॅप्सूलमधून मिळत नाहीत. मात्र अख्खं जवस पोटातून तसंच बाहेर पडतं, ते कुटलेलंच हवं. हलकं भाजा, आठवड्यापुरतं कुटा, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. हवा आणि उष्णता लागली की त्याचं तेल खवट होतं. सावजी रश्शात पूर्वापार जवसाचं तेल पडत आलंय. चवीसाठी बोलायला जागा नाही, पण इतक्या आचेवर त्या ओमेगा-३ चं फारसं काही उरत नसणार.

हळद की करक्यूमिन कॅप्सूल? वर्ध्याच्या समुद्रपूर भागातली वायगाव हळद जवळच आहे, जीआय मिळालेली, रंगाने गडद. साध्या हळदपुडीत करक्यूमिन तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि शरीरात फारच कमी शोषलं जातं. मिऱ्यातल्या पायपरीनने हे शोषण २० पट वाढतं, हे १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, आणि तेव्हापासून कॅप्सूलवाले ते बरोबर घालतात. शोषण वाढलं तसा धोकाही वाढला. इटलीत आणि अमेरिकेत अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. दाह कमी करायला घेतलं आणि यकृतातच दाह झाला! रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा यकृताचा आजार असेल तर हा डबा घेऊच नये. वरण-भाजीतली हळद औषधाइतकी जोरदार नाही, पण ती कुणाचं यकृतही बिघडवत नाही.

प्रोबायोटिक की ताक? स्टॅनफर्डच्या २०२१ च्या अभ्यासात दहा आठवडे दही, केफिर, किमचीसारखे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या रक्तातली १९ दाहकारक प्रथिनं कमी झाली. माणसं फक्त ३६ होती, दोन गटांत विभागलेली, त्यामुळे डोक्यावर घेऊन नाचू नये. तरी ताक स्वस्त आहे, करून पाहायला हरकत नाही. आतड्यातल्या जीवाणूंना खायला तंतू लागतात: ज्वारीची भाकर, अंबाडी, चवळी, उन्हाळ्यातली घोळ. त्यातून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि आतड्याचं अस्तर टिकतं.

प्रथिनांचा डबा की तूरडाळ? आहार आणि प्रतिकारशक्तीच्या नात्यावरचा सगळ्यात ठसठशीत पुरावा माझ्या मते आपल्याच देशातला आहे, झारखंडातला. रेशन्स नावाच्या चाचणीत क्षयरुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वं दिली. ज्या घरांत हे मिळालं तिथे नव्या क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडं, पेशी, सगळं प्रथिनांचंच असतं. ती कमी पडली की प्रतिकारशक्ती मोडते. वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. दोन वेळा घट्ट वरण, एक वेळ चून किंवा उसळ, मूठभर फुटाणे, वाटीभर दही एवढ्यात ते जमतं. पातळ वरणाने मात्र जमत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांत वरण पातळच असतं. आजारपणाने खाणं तुटलेल्या म्हाताऱ्या माणसाला पावडर उपयोगी पडते. बाकीच्यांनी तिचे पैसे डाळीत घालावेत.

लोह आणि झिंक राहिले. शरीरात दाह असताना यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि लोह कोठारात अडकवून ठेवतं, जंतूंना ते मिळू नये म्हणून. तेव्हा गोळी घेऊनही फारसं शोषलं जात नाही. शिवाय दाहात फेरिटिन (साठलेलं लोह दाखवणारी तपासणी) खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून त्याच्या जोडीला सीआरपी बघावा. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. घरात कुणाला असेल तर तपासणीशिवाय लोह नकोच. झिंक मोठ्या डोसात महिनोन् महिने घेतलं तर तांबं कमी होतं.

म्हणजे खर्चाचा क्रम असा लागतो. आधी डी, बी-१२, हिमोग्लोबिन-फेरिटिन आणि साखरेची तपासणी. मग त्यात जे कमी निघेल तेवढीच गोळी. उरलेले सगळे पैसे पिशवीत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र फळं आणि डाळींचं प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं, त्यांना पिशवीही बिनधास्त चालत नाही. आणि हृदयासाठीचा एचएस-सीआरपी (बारीक मापाने मोजलेला सीआरपी) करायचा असेल तर ताप उतरून दोन-तीन आठवडे जाऊ द्या. आकडा १० च्या वर आला तर तो बहुधा संसर्गाचा असतो, पुन्हा करावा लागतो आणि पैसे वाया जातात.